उत्तर बरोबर, मार्क अर्धे : लिमिटचे नियम नक्की लागतात कुठे?

नेरूळवासी | शनिवार, रात्री १०:१५

मंडळी, गणितातल्या जाणकारांची मदत हवी आहे. लेक अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीतून, पण तक्रार भाषेची नाही, मार्कांची आहे. क्लासमध्ये (नाव लिहीत नाही, धागा भरकटेल) लिमिटच्या धड्यावर टेस्ट झाली. (लिमिट म्हणजे क्ष एखाद्या संख्येकडे सरकताना राशी ज्या एका संख्येकडे जाते ती, एवढं मला कळलंय.) त्यातलं एक गणित :

लिम (क्ष → ०) क्ष^२ · साइन(१/क्ष)

तिने लिहिलं :

= लिम क्ष^२ × लिम साइन(१/क्ष)
= ० × (−१ ते १ मधलं काहीतरी)
= ०

उत्तर शून्यच आहे, उत्तरसूचीतही शून्यच. तरी चारपैकी दोन मार्क आणि पहिल्या ओळीला लाल गोल. सरांना विचारलं तर "प्रॉडक्ट लॉ लागत नाही" एवढंच म्हणाले. पुढची बॅच दारात उभी होती, विषय संपला.

दुसऱ्या गणितात तर भोपळा :

लिम (क्ष → ०) (टॅन क्ष − साइन क्ष) / क्ष^३

तिने अंश-छेद दोन्हींना क्षने भागलं. टॅन क्ष/क्ष चं लिमिट १, साइन क्ष/क्ष चं लिमिट १, म्हणून (१ − १)/क्ष^२, म्हणजे शून्य. उत्तर १/२ आहे म्हणे.

मी कॉमर्सचा माणूस. घरात दोन गट पडलेत. बायको म्हणते सर बरोबर असणार, मी म्हणतो उत्तर आलं ना, मग मार्क का कापले? पहिल्यात नियम लावला म्हणून मार्क गेले, दुसऱ्यात नियम लावला म्हणून उत्तर गेलं. मग पुस्तकात ते नियम छापलेत कशाला?

(टायपायला सोपं म्हणून एक्सच्या जागी क्ष लिहिलंय. ^ म्हणजे घात.)

---

पाचपाखाडी_एक्सप्रेस | रात्री १०:२१

मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर क्षच्या जागी ०.००१ टाका. जे येईल ते उत्तर. पुढचा प्रश्न.

---

ट्रान्सहार्बर | रात्री १०:३८

नेरूळवासी, सरांच्या लाल गोलाचं फार मनावर घेऊ नका. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं. निगेटिव्ह मार्किंग नाही, स्टेप बघायला कोणी बसलेलं नाही. बोर्डाला पोरं कशीही पास होतात. दुसरं गणित लोपितालच्या नियमाने करायला सांगा : वरचं डिफरन्शिएट (म्हणजे त्याचा बदलाचा दर, डेरिव्हेटिव्ह, काढा), खालचं डिफरन्शिएट, उत्तर दारात. माझा मुलगा गेल्या वर्षी ह्यातून गेलाय, अनुभवाचे बोल आहेत.

---

घंटाळीकर | रात्री ११:०५

ट्रान्सहार्बर, पन्नास प्रश्नांचं ठीक आहे, पण दुसऱ्या गणितात तिचं उत्तरच चुकलंय. ओएमआर असो की कॉम्प्युटर, तिथेही ते चूकच धरणार. तेव्हा स्टेपला सोडचिठ्ठी देण्याआधी जरा थांबा.

नेरूळवासी, तुमच्या लेकीने नियम बरोबर पाठ केलाय, त्याच्या आधीचं अर्धं वाक्य सोडलंय. गुणाकाराचा नियम पूर्ण असा : फ आणि ग ही दोन फंक्शनं, फ चं लिमिट ल असेल आणि ग चं लिमिट म असेल, तर फ·ग चं लिमिट ल·म. बेरीज, वजाबाकी, सगळ्यांना हीच अट. भागाकाराला एक जास्तीची, छेदाचं लिमिट शून्य नको. म्हणजे "लिमिट तोडणं" ही पहिली ओळ नाहीच. आधी तुकड्यांची लिमिटं आहेत हे दिसलं पाहिजे, मग समान चिन्ह. आपण सगळे ते उलट्या क्रमाने लिहितो, कारण तुकड्यांची लिमिटं पुढच्या ओळीत सापडतातच अशी सवय झालेली असते. बहुपदींच्या पंचवीस गणितांत ती सवय अंगलट येत नाही. सव्विसाव्यात येते.

आता साइन(१/क्ष) बघा. क्ष शून्याकडे सरकतो तसा १/क्ष बेफाम वाढतो. साइन बिचारा दर २ पाय (२π) अंतरात एकदा १ ला आणि एकदा −१ ला जाऊन येतो. शून्याच्या कितीही जवळ जा, तिथून शून्यापर्यंतच्या चिंचोळ्या जागेत त्याच्या अनंत फेऱ्या शिल्लक असतात. तो कुठल्याच एका संख्येपाशी स्थिरावत नाही. म्हणजे लिमिट नाही. "−१ ते १ मधलं काहीतरी" ही संख्या नाही, आणि जी संख्या नाही तिला शून्याने गुणता येत नाही.

सरांनी मार्क का कापले हे बघायचं असेल तर तिचीच पद्धत जशीच्या तशी इथे लावा :

लिम (क्ष → ०) क्ष · (१/क्ष) = लिम क्ष × लिम (१/क्ष) = ० × काहीतरी = ०

पण क्ष · (१/क्ष) शून्य सोडून सगळीकडे १ आहे. लिमिट १. पद्धत तीच, उत्तर साफ चूक. पहिल्या गणितात ती वाचली ते नशिबाने.

---

नेरूळवासी | रात्री ११:१९

हे क्ष · (१/क्ष) वाचून लेक गप्प झाली. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी टीव्हीकडे. ताई, आभारी आहे. दुसऱ्या गणिताचं उद्या वाचतो, आता झोपवतोय तिला.

---

कोपरीकर | रविवार, सकाळी ८:४०

गणिताच्या बाहेरचं उदाहरण देतो, कारण माझा धंदाच आकड्यांचा पण क्षचा नाही.

रिक्षाचं मीटर. फेब्रुवारी २०२५ पासून आपल्याकडे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये. दीडपर्यंत मीटर २६ वर ढिम्म, दीड ओलांडलं की उडी. दीडच्या डावीकडून गेलात तर लिमिट २६, उजवीकडून आलात तर त्याहून जास्त. दोन बाजूंचे आकडे वेगळे, म्हणून दीडपाशी भाड्याला लिमिट नाही.

आता तुमच्या खिशात ५० ची नोट आहे. भाडं देऊन उरणारे पैसे हे दुसरं फंक्शन. तेही दीडपाशी उडी मारतं, फक्त खाली. त्यालाही लिमिट नाही. पण भाडं अधिक उरलेले पैसे? कायम ५०. त्याचं लिमिट ५०, डोळे मिटून.

म्हणजे दोन्ही तुकड्यांना लिमिट नसून बेरजेला असू शकतं. "तुकडे तुटत नाहीत" याचा अर्थ "उत्तर नाही" असा घ्यायचा नाही. अर्थ एवढाच की बेरजेचा नियम इथे बोलत नाही, दुसरा रस्ता शोधा.

---

घंटाळीकर | सकाळी ९:०२

कोपरीकर, हे मी वर्गात वापरणार. एक पुरवणी : दोघांपैकी एकाला लिमिट असेल आणि बेरजेलाही असेल, तर दुसऱ्याला असावंच लागतं. कारण दुसरा = बेरीज − पहिला, आणि वजाबाकीच्या नियमाच्या दोन्ही अटी पूर्ण आहेत. तेव्हा बिघडायचे तर दोघे मिळूनच बिघडतात.

---

मास्तर_गोखलेरोड | सकाळी ९:३०

मी शिकवण्या घेतो, त्यामुळे दुसऱ्या गणितातली ती चूक दर वर्षी नव्या हस्ताक्षरात बघतो. तिच्या ओळी नीट मांडू :

(टॅन क्ष − साइन क्ष)/क्ष^३ = (टॅन क्ष/क्ष − साइन क्ष/क्ष) / क्ष^२

इथपर्यंत शंभर टक्के बरोबर, हे नुसतं बीजगणित आहे. पुढे तिने अंशातल्या दोन तुकड्यांच्या जागी १ आणि १ टाकले आणि छेदातला क्ष^२ तसाच ठेवला. म्हणजे अर्ध्या राशीत क्ष शून्यावर पोचला, उरलेल्या अर्ध्या राशीत अजून वाटेवर आहे. असा कुठलाही नियम नाही. लिमिट घ्यायचं तर एकदम सगळीकडे घ्यायचं. आणि एकदम घ्यायचं म्हटलं तर छेदाचं लिमिट शून्य, भागाकाराचा नियम दारातच अडवतो. वर ० आणि खाली ०.

अंश १ − १ दिसत असला तरी तो खराखुरा शून्य नाही. क्ष अगदी लहान असताना तो साधारण क्ष^२ च्या निम्मा असतो. खालीही क्ष^२ आहे. ते "निम्मा" म्हणजेच तुमचं १/२.

बरोबर रस्ता. टॅन = साइन/कॉस लिहून साइन कॉमन काढा :

टॅन क्ष − साइन क्ष = साइन क्ष · (१ − कॉस क्ष) / कॉस क्ष

म्हणून दिलेली राशी
= (साइन क्ष/क्ष) · ((१ − कॉस क्ष)/क्ष^२) · (१/कॉस क्ष)

छेदातला क्ष^३ कसा वाटला ते बघा. एक क्ष साइनला दिला, दोन १ − कॉस क्ष ला. जो तुकडा जेवढा लहान होतो तेवढंच त्याच्याखाली ठेवायचं. या वाटणीतच निम्मं गणित आहे. आता तिन्ही तुकड्यांची लिमिटं आहेत : १, १/२ आणि १. मधल्याचं १/२ का, तर १ − कॉस क्ष = २ साइन^२(क्ष/२), त्यामुळे तो तुकडा १/२ · [साइन(क्ष/२)/(क्ष/२)]^२ होतो. तिन्ही लिमिटं आहेत हे दिसल्यावर गुणाकाराचा नियम बिनधास्त लावा. १ × १/२ × १ = १/२.

म्हणजे तोच नियम. एका मांडणीत लागत नव्हता, दुसऱ्या मांडणीत लागला. लिमिटच्या धड्यातली जवळजवळ सगळी कसरत, अवयव पाडणं, करणी वर-खाली करणं, त्रिकोणमितीची सूत्रं, ही राशी नियमाच्या अटीत बसेल अशी करून घेण्यासाठी आहे. (क्ष^३ − ८)/(क्ष^२ − ४) मध्ये क्ष → २ घेतलात तर ०/०. क्ष − २ कापलात तर (क्ष^२ + २क्ष + ४)/(क्ष + २), आता छेदाचं लिमिट ४, अट पूर्ण, उत्तर १२/४ = ३. (√(क्ष + १६) − ४)/क्ष ला संयुग्म करणीने गुणलंत की १/(√(क्ष + १६) + ४), आणि क्ष → ० घेतल्यावर १/८.

---

पाचपाखाडी_एक्सप्रेस | सकाळी १०:०३

मी ०.००१ टाकून बघितलं. साइन क्ष/क्ष चं उत्तर ०.०१७४५३ येतंय. १ कुठाय?

---

ऐरोली_बग | सकाळी १०:१०

एक्सप्रेस, तुमचा कॅलक्युलेटर डिग्रीत आहे. रेडियनवर न्या. ०.०१७४५३ म्हणजे पाय/१८०. डिग्रीत मोजलंत तर लिमिट खरोखर तेवढंच येतं. कॅलक्युलेटर चुकला नाही, त्याला वेगळं गणित घातलंत.

आणि "लहान आकडा टाका" याला आणखी एक सुरुंग आहे. काल रात्री पायथनमध्ये (१ − कॉस क्ष)/क्ष^२ चालवून बघितलं. क्ष = ०.००१ ला ०.५ च्या अगदी जवळ. हौसेने क्ष = ०.०००००००१ टाकलं तर उत्तर चक्क ०. कारण कॉस क्ष आणि १ मधला फरक इतका बारीक झाला की मशिनला साठवताच आला नाही, त्याने कॉसला १ च धरलं. जितकं जवळ जाल तितकं उत्तर सुधारेल ही समजूत इथेच मोडते. ताळा म्हणून आकडा टाका, पण त्याला उत्तर म्हणू नका. शिवाय बोर्डाच्या परीक्षेला कॅलक्युलेटर नेऊ देत नाहीत, ते वेगळंच.

---

ट्रान्सहार्बर | सकाळी १०:४५

मास्तर, तुमच्या रस्त्याने पाच ओळी. लोपितालने तीन वेळा डिफरन्शिएट केलं की झालं. का नको?

---

मास्तर_गोखलेरोड | सकाळी ११:१५

नको असं नाही, बारावीत खुशाल वापरा. अकरावीच्या लिमिटच्या धड्यात मात्र मी पोरांना वापरू देत नाही. धडा क्रमांक सात लिमिट, आठ सातत्य, नऊ डिफरन्शिएशन. जे नवव्यात येणार ते सातव्यात वापरायचं म्हणजे उधारी. आणि साइन क्ष/क्ष ला तर ती उधारी फिटतच नाही. साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस आहे हे सिद्ध करताना साइन क्ष/क्ष चं लिमिट १ आहे हेच लागतं. ज्याच्या जिवावर डेरिव्हेटिव्ह काढलं तेच डेरिव्हेटिव्ह लावून काढलं, तर सिद्ध काय झालं?

ते भूमितीनेच करायचं. १ त्रिज्येचं वर्तुळ, क्ष रेडियनचा कोन. आतला त्रिकोण, मग वर्तुळाची फाक, मग बाहेरचा काटकोन त्रिकोण. क्षेत्रफळं अनुक्रमे साइन क्ष/२, क्ष/२, टॅन क्ष/२, चढत्या क्रमाने. त्यातून कॉस क्ष < साइन क्ष/क्ष < १. कॉस १ कडे जातो, मधला बिचारा दोघांत चिरडून १. रेडियनचा आग्रह याच आकृतीतून येतो, फाकेचं क्षेत्रफळ क्ष/२ फक्त रेडियनमध्येच असतं.

आणखी एक. लोपितालला स्वतःच्या अटी आहेत. (क्ष + साइन क्ष)/क्ष, क्ष → अनंत. वर-खाली डिफरन्शिएट करा : १ + कॉस क्ष. त्याला लिमिट नाही, तो ० ते २ हेलपाटे घालत राहतो. "लिमिट नाही" असं लिहिणारी मुलं दर वर्षी भेटतात. साधं तोडा : १ + साइन क्ष/क्ष. दुसरा तुकडा शून्याकडे. उत्तर १.

अवांतर : हे सूत्र लोपितालने १६९६ मध्ये छापलं, पण शोध योहान बर्नुलीचा. लोपिताल उमराव होता, पैसे मोजून बर्नुलीकडून शिकवणी आणि शोध दोन्ही घ्यायचा. शिकवणीवाल्याचं नाव मागे राहायची परंपरा जुनी आहे. (दिवे घ्या.)

---

नेरूळवासी | दुपारी १:२०

लेकीने दुसरं गणित मास्तरांच्या पद्धतीने दोनदा सोडवलं, आता ठीक आहे. पण पहिल्यावर ती अडून बसली आहे. तिचे शब्द : "साइन(१/क्ष) ला लिमिट नाही मान्य. पण तो −१ ते १ च्या बाहेर तर जात नाही ना? १/क्ष सारखा पळून जात नाही. मग शून्याने गुणल्यावर शून्य होणारच. हे नशीब कसं?" मला पटतंय. ताई, बघा बुवा.

---

घंटाळीकर | दुपारी २:०५

तिला सांगा की हा प्रश्न तिच्या उत्तरापेक्षा चांगला आहे, आणि "नशिबाने" हा माझा शब्द मी अर्धा मागे घेते. पद्धत म्हणून ते नशीबच होतं. पण ती आत्ता जे म्हणाली ते टेस्टमध्ये लिहिलं असतं तर चारपैकी चार होते.

शाळेत सांगतात तो मार्ग असा : −१ ≤ साइन(१/क्ष) ≤ १, सगळीकडे क्ष^२ ने गुणा (तो ऋण नाही, म्हणून चिन्हं उलटत नाहीत), −क्ष^२ आणि क्ष^२ दोन्ही शून्याकडे, मधला दाबला जातो. सँडविच. दोन ओळींत संपलं.

पण तिला जे वाटतंय ते गुणाकाराच्या नियमाच्या पोटातच दडलंय. ते दाखवते, कारण अकरावीत हे कोणी उघडून बघत नाही.

गुणाकाराचा नियम खरा का? फ ल जवळ आहे, ग म जवळ आहे. फ·ग हा ल·म पासून किती लांब?

फ·ग − ल·म = (फ − ल)·ग + ल·(ग − म)

कंस सोडवून बघा, मधलं ल·ग एकदा वजा एकदा अधिक होऊन उडतं. आता उजवीकडचे दोन तुकडे. दुसऱ्यात ल ही ठरलेली संख्या आणि ग − म शून्याकडे, तो संपतो. पहिल्यात फ − ल शून्याकडे जातो, पण त्याला ग ने गुणलंय. ग वेडावाकडा वाढत गेला तर घात होईल. इथे ग बद्दल काय लागतं? तो म कडे जातो हे लागत नाही. तो एका मर्यादेत राहतो एवढंच लागतं. लिमिट असलेलं फंक्शन त्या बिंदूजवळ मर्यादेत राहतंच, म्हणून पहिला तुकडाही संपतो आणि नियम सिद्ध.

आता ल = ० ठेवा. दुसरा तुकडा मुळातच गेला, ग − म ची गरजच संपली. उरला फ·ग, आणि त्याला हवं फक्त ग चं मर्यादेत राहणं. ग ला लिमिट असो वा नसो.

म्हणजे वेगळा नियम मिळाला : फ शून्याकडे जात असेल आणि ग मर्यादित असेल तर फ·ग शून्याकडे जातो. क्ष^२ · साइन(१/क्ष) ला हा लागतो. क्ष · (१/क्ष) ला लागत नाही, कारण १/क्ष मर्यादेत नाही. लेकीने दोन्हींतला फरक अचूक पकडला, फक्त पेपरात भलत्याच नियमाचं नाव लिहिलं.

सरांच्या बाजूने एक सांगते. "० × काहीतरी = ०" वाचून तिच्या मनात "मर्यादित" होतं की "काहीही", हे तपासणाऱ्याला कळायला मार्ग नाही. मी असते तर दोनच दिले असते. शेजारी एक ओळ लिहिली असती, एवढंच.

---

कोपरीकर | दुपारी २:३१

वा! वाचनखूण साठवली. ती (फ − ल)·ग वाली ओळ दोनदा वाचावी लागली, पण बसली.

---

खारघरी | दुपारी ३:५०

०/० चं निघालंच आहे तर आपल्याकडचं एक. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत शून्याच्या आठ क्रिया दिल्यात, त्यात एक सूचना अशी : एखाद्या राशीला शून्याने गुणायचं असेल आणि पुढे शून्याने भागायचंही असेल, तर गुणाकार करून राशी शून्यात घालवू नका, ती जशीच्या तशी ठेवा. आणि लगेच उदाहरण : एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच अर्धं मिळवलं, तिनाने गुणलं, शून्याने भागलं, ६३ आले. संख्या कोणती? शून्य शून्याला लागलं, उरलं दीडपट गुणिले तीन म्हणजे साडेचारपट, ६३ भागिले साडेचार, १४.

आजच्या नियमाने शून्याने भागणं बाद. पण शून्याच्या जागी शून्याकडे जाणारा क्ष ठेवा आणि लिमिट घ्या, १४ च येतात. मास्तरांनी वर क्ष − २ कापला तोच प्रकार.

ता.क. : याचा अर्थ "सगळं आधीच आपल्याकडे होतं" असा नाही. लिमिट म्हणजे नेमकं काय हे युरोपातही न्यूटननंतर शंभरहून जास्त वर्षं धूसरच होतं. बर्कली नावाच्या बिशपने १७३४ मध्ये या शून्यासारख्या पण शून्य नसलेल्या राशींना दिवंगत राशींची भुतं म्हणून हिणवलं होतं. कोशीने १८२१ मध्ये लिमिटला पाया मानून मांडणी केली, त्यानंतर वायरश्ट्रासने एप्सिलॉन-डेल्टाची कडक भाषा रुळवली. तेव्हा कुठे हे नियम "सिद्ध" म्हणण्याजोगे झाले.

---

नेरूळवासी | संध्याकाळी ६:१२

खारघरी, १४ वालं कोडं मला सुटलं, घरात भाव वधारला.

लेकीची नवी शंका. बेरजेचा नियम दोन तुकड्यांना आहे, तर तीनला लागेल, चारला लागेल. मग कितीही तुकड्यांना लागेल ना?

---

मास्तर_गोखलेरोड | संध्याकाळी ७:००

कितीही लागेल, पण तो आकडा आधी ठरलेला पाहिजे. क्षबरोबर किंवा नबरोबर तुकडेच वाढत असतील तर नियम हात वर करतो.

(१ + २ + ३ + … + न) / न^२, न → अनंत. प्रत्येक तुकडा सुटा बघा : १/न^२, २/न^२, अगदी शेवटचा न/न^२ म्हणजे १/न. सगळे शून्याकडे. तोडलं तर ० + ० + … = ०. पण वरची बेरीज न(न + १)/२ आहे, म्हणून राशी (न + १)/(२न), लिमिट १/२. तुकडे लहान होत होते, पण त्यांची संख्याही तितक्याच वेगाने वाढत होती.

घाताचंही असंच. (१ + १/न) चं लिमिट १, आणि १ चा कितीही घात १, म्हणून (१ + १/न)^न चं लिमिट १? घाताचा नियम ठरलेल्या घाताला आहे, इथे घातच पळतोय. रुपयाची ठेव, वर्षाला १०० टक्के व्याज (अशी पतपेढी सापडली तर पैसे ठेवू नका). महिन्याला चक्रवाढ केलंत तर वर्षाअखेर २.६१, रोज केलंत तर २.७१, आणि कितीही बारीक करा, २.७१८२८… च्या पुढे जात नाही. हाच तो ई.

---

ट्रान्सहार्बर | रात्री ९:२५

बरं बुवा, स्टेपवाल्यांचा विजय असो. आता माझ्या बाजूचं एक. सीईटीला शोभेलसं गणित, लेकीला द्या, घड्याळ लावून :

लिम (क्ष → २) (क्ष^२ + अक्ष + ब)/(क्ष − २) = ७, तर अ आणि ब काढा.

---

नेरूळवासी | रात्री ९:५८

तिने केलं. जसंच्या तसं उतरवतो :

"छेद शून्याकडे जातो, तरी भागाकाराचं लिमिट ७ आहे. अंश = भागाकार × छेद. दोघांचीही लिमिटं आहेत (७ आणि ०), म्हणून गुणाकाराचा नियम लागतो. अंशाचं लिमिट ७ × ० = ०. म्हणून ४ + २अ + ब = ०, ब = −४ − २अ. अंशात घातल्यावर क्ष^२ − ४ + अ(क्ष − २) = (क्ष − २)(क्ष + २ + अ). क्ष − २ कापून लिमिट ४ + अ = ७. अ = ३, ब = −१०."

वेळ विचारू नका, मध्ये जेवण झालं.

---

ट्रान्सहार्बर | रात्री १०:०४

उत्तर बरोबर. आमचा मुलगा "अंश शून्य असायलाच पाहिजे" एवढंच म्हणून पुढे जायचा, का ते त्याने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

---

घंटाळीकर | रात्री १०:१७

"दोघांचीही लिमिटं आहेत" हे कंसात टाकलंय, ते कंसाबाहेर काढून स्वतंत्र ओळीत लिहायला सांगा, तपासणारा तिथेच बघतो. आणि ताळा घ्यायची सवय लावा : क्ष^२ + ३क्ष − १० = (क्ष + ५)(क्ष − २), कापल्यावर क्ष + ५, क्ष = २ ला ७. जमलं. आता ७ च्या जागी दुसरी कुठलीही संख्या घालून तिला स्वतःच गणित बनवू दे. छेदात (क्ष − २)^२ घातलं तर काय होतं तेही बघू दे, तिथे वरच्या ७ ला उत्तरच मिळणार नाही. ते का, हे तिने इथे येऊन सांगावं.